तूर घरात, डाळ लातुरात

मार्च 2020 चा शेवटचा आठवडा. घरात चार पोती तूर होती आणि डब्यात डाळ होती दीड किलो. आठवडी बाजार बंद, रस्त्यावर गाडी नाही, गावातल्या दुकानातला माल तिसऱ्या दिवशी संपला. पुढच्या खोलीत सोयाबीनची नऊ पोती भिंतीला लावून ठेवलेली. त्याची भाकरी होत नाही, कालवण होत नाही, तेल काढायचं तर घाणा गावात नाही. औसा तालुक्यातलं आमचं गाव. काळी कसदार जमीन, तेरणा नदी जवळच. अशा गावात बसून, आठ माणसांना वाढताना मी मनात मोजत होते की डाळ अजून किती दिवस पुरेल.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दुसऱ्या दिवशी भरडायचं जातं बाहेर काढायला लावलं. कित्येक वर्षं ते परसात पालथं पडलेलं होतं. त्यांनी तूर रात्रभर भिजत घातली, सकाळी तिला कावेचा, म्हणजे तांबड्या मातीचा, हात लावला, दोन दिवस उन्हात वाळवली आणि मग आम्ही दोघी जात्यावर बसलो. पाच किलो तुरीला सारी दुपार गेली. माझ्या तळहाताला फोड आले. अर्धी डाळ फुटली, कण्या झाल्या. पाखडता पाखडता आत्याबाई म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलो खाल्ला बाई, सुकडी खाल्ली. पर तवा घरात दाणाच नव्हता. आता दाणा हाय आन् खाता यीना. ही कसली गत म्हणावी?"

हे वाक्य पुढची पाच वर्षं माझ्या डोक्यातून गेलं नाही. आमची तूर पोत्यात भरून लातूरच्या आडतीत जाते, तिथल्या मिलमध्ये तिची डाळ होते आणि तीच डाळ पुडक्यातून आमच्या दुकानात परत येते. त्या वर्षी आम्ही तूर पन्नास रुपये किलोच्या आसपास घातली होती आणि डाळ नव्वदच्या पुढे विकत आणत होतो. पैशांचा फरक मला आधीपासून ठाऊक होता. रस्ता बंद झाला की आपलंच धान्य आपल्याला खाता येत नाही, हे मात्र मला पहिल्यांदा कळलं.

पूर्वी असं नव्हतं. आत्याबाईंच्या सासरी जुन्या गावात वाड्याच्या जाड भिंतीतच बळद होतं. वरून धान्य ओतायचं, खालच्या बोळातून काढायचं. गावात चार-पाच घरांची पेवं होती. जमिनीत खणलेली, आतून कडबा लावलेली, वरून शिळा ठेवून मातीनं लिंपलेली. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा. विझला तर आतली हवा अजून वाईट आहे असं समजायचं. बी उतरंडीतल्या गाडग्यांत, राखेत किंवा लिंबाच्या पाल्यात ठेवलेलं असायचं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि दगड-मातीच्या त्या भिंती माणसांवरच पडल्या. मी तेव्हा माहेरी होते, चौदा वर्षांची. त्यावर जास्त लिहिणं मला अजून जमत नाही.

पूर्ण पडलेली 52 गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या हिशेबानं 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. भूकंप सोसणारी घरं आहेत ती. आम्ही त्यांत निर्धास्त झोपतो आणि ती देणाऱ्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्या घरांत बळद नव्हतं, पेवाला जागा नव्हती, उतरंड रचायला कोपरा नव्हता. चारशे फुटांत माणसं राहतील की धान्य? मग धान्य काढणीनंतर आठ दिवसांत आडतीला जाऊ लागलं. त्यात सोयाबीन आलं. शंभर दिवसांत हातात रोकड देणारं, पाखरं न खाणारं, ज्वारीसारखी काढणी-मोडणीची दगदग नसणारं. ज्वारी कमी करून चूक केली असं मी कुणाला म्हणणार नाही. पोरांच्या फिया सोयाबीननंच भरल्या. पण ज्वारीबरोबर मूग, उडीद, अंबाडी, तीळ, कारळ हे सगळं पाटापाटानं जे असायचं तेही गेलं, आणि त्यांचं बीही गेलं.

त्याच जूनमध्ये दुसरा फटका बसला. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात कितीतरी ठिकाणी विकत आणलेलं सोयाबीनचं बी उगवलंच नाही. आमच्याही तीन एकरांत दुबार पेरणी झाली. बचत गटाची बैठक होती, अकरा जणी होतो, आणि दर महिन्याचे शंभर रुपये गोळा करण्यापलीकडे आमच्या बैठकीत फारसं काही होत नसे. त्या दिवशी मी जात्याची गोष्ट सांगितली. प्रत्येकीकडे तशीच एक गोष्ट निघाली. एकीच्या घरी महिनाभर नुसती चटणी-भाकरी होती आणि माळवदावर, म्हणजे आता स्लॅबवर, तूर पडून होती. डाळ मिल काढायची असं तिथेच ठरलं.

आमच्या कृषी सहायक मॅडमनी मात्र सांगितलं, "ताई, मशीन शेवटी घ्या. आधी बी, मग वाळवण, मग साठवण, मग मिल." आम्ही ते अर्धंच ऐकलं आणि त्याची किंमत मोजली.

बियाणाचं ऐकलं. 2021 मध्ये मालदांडी ज्वारी गावातल्याच दोन घरांतून मिळाली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची परभणी मोती आणली. हुरड्यासाठी गूळभेंडी माझ्या मावशीकडून आणली, ओंजळभर. तुरीत बदनापूर केंद्राची बीडीएन 711 घेतली, कारण ती साधारण पाच महिन्यांत निघते आणि हलक्या रानात पाणी संपायच्या आत हाती येते. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि मोड मोजायचे, हे प्रत्येक घरात पोरांना शिकवलं. सोयाबीनचे सत्तर उगवले तर पेरायचं, कमी उगवले तर एकरी बी वाढवायचं, फारच कमी असले तर घाण्याला द्यायचं. बी न्यायचं ते सव्वाईनं परत करायचं, असा नियम केला. एक पायली नेली की सव्वा पायली परत. पैसे घ्यायचे नाहीत.

मशीनच्या बाबतीत मात्र घाई केली. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत तेव्हा 35 टक्के अनुदान मिळत होतं, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं होतं. आधी कर्ज मंजूर व्हायला पाहिजे. किमान दहा टक्के रक्कम आपल्या पदरची. शिवाय गटातल्या प्रत्येक सदस्यामागे 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवल. कागदावर सोपं. मी बँकेत सात वेळा गेले. प्रकल्प अहवाल, मशीनचं कोटेशन, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, उद्यम नोंदणी, अन्न परवाना. प्रत्येक फेरीला एक कागद नवा. चौथ्या वेळी साहेबांनी विचारलं, सातबारा कुणाच्या नावावर? अकरा जणींत तिघींच्या नावावर जमीन होती. बाकीच्या आठ जणी त्याच जमिनीत वीस-पंचवीस वर्षं खुरपतायत, पण कागदावर त्या शेतकरी नाहीत. मी त्या दिवशी एसटीत रडले. मग थोरल्या जाऊबाई, ज्यांच्या नावावर दोन एकर आहे, त्या माझ्याबरोबर आल्या आणि साहेबांसमोर खुर्ची ओढून बसल्या. "गटाची परतफेड एक हप्ता तरी चुकलीय का ते आधी बघा," म्हणाल्या. चुकलेली नव्हती. सहाव्या महिन्यात कर्ज झालं.

मशीन आलं तेव्हा वीज नव्हती. म्हणजे गावात होती, पण मिलला थ्री-फेज लागते आणि शेतीपंपाच्या जोडणीवर मिल चालवता येत नाही. वेगळी जोडणी, दोन खांब, मंजुरी. पाच महिने मशीन ताडपत्रीखाली होतं आणि हप्ता चालू झाला होता. ज्यांना असं काही उभारायचंय त्यांना मी हात जोडून सांगते, विजेचा अर्ज कर्जाच्या अर्जाबरोबरच करा.

2023 च्या फेब्रुवारीत पहिली तूर मिलमध्ये घातली. शंभर किलोला साठ किलोही डाळ निघाली नाही, आणि त्यातही तुकडा भरपूर. गावातल्या लोकांनी येऊन बघितलं आणि काही न बोलता निघून गेले. चूक मशीनची नव्हती. आम्ही तूर पोत्यातून सरळ हॉपरमध्ये ओतली होती. आत्याबाई जे जात्यावर करत होत्या तेच इथेही करायला हवं होतं. तुरीचं टरफल डाळीला डिंकासारख्या थरानं घट्ट चिकटलेलं असतं, तो थर सैल झाल्याशिवाय साल निघत नाही. आधी दाण्याची प्रतवारी, कारण लहान-मोठे दाणे एकत्र घातले तर मोठे फुटतात आणि लहान तसेच निघून जातात. मग एका फेरीत दाण्याला नुसते ओरखडे पाडायचे. मग तेलाचा हात, क्विंटलला पाव-अर्धा किलो. ऊन द्यायचं. संध्याकाळी पाण्याचा हबका मारून ढीग रात्रभर झाकून ठेवायचा. परत ऊन. मग दळायचं. या साऱ्याला चार दिवस लागतात आणि डाळ सत्तर-बहात्तर किलोवर येते. आत्याबाईंना मिलवर खुर्ची टाकून बसवलं होतं. मूठभर तूर हातात चोळून त्या सांगायच्या, "आजून एक ऊन पायजे."

आणि ऊन द्यायचं कुठे? हीच ती पायरी, जी आम्ही गाळली होती. आमच्याकडे खळं नव्हतं. जुनी शेणानं सारवलेली खळी मळणी यंत्र आल्यापासून मोडली. लोक डांबरी रस्त्यावर धान्य वाळवतात, त्यात खडी येते, डांबर येतं, गाडीखाली दाणा भरडतो. मशीनला अनुदान आहे, गोदामाला आहे. साध्या वाळवणाच्या ओट्यासाठी आम्ही विचारत फिरलो, पण आमच्या आकाराच्या कामाला कुठूनच काही मिळालं नाही. शेवटी ग्रामपंचायतीनं समाजमंदिरामागची जागा दिली आणि आम्ही चाळीस बाय तीसचं सिमेंटचं खळं स्वतः केलं. मुरूम गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांनी आणून टाकला, सिमेंट गटाचं, काम सावडीनं, सकाळी सहा ते नऊ, एकवीस दिवस. एका बाजूला बोटभर उतार ठेवला, पाणी निघून जावं म्हणून. साऱ्या उभारणीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी चीज कुठली, असं कुणी विचारलं तर मी खळं दाखवते. ज्यांनी मिलचं तोंड कधी बघितलं नाही, तीही घरं तिथं मिरच्या, हळद, शेवया, पापड वाळवतात.

साठवणीच्या खोलीत दोन चुका झाल्या. पहिल्या वर्षी पोती भिंतीला टेकवून, खाली नुसतं प्लास्टिक अंथरून रचली. पावसाळ्यात भिंतीनं ओल धरली, मागच्या सात पोत्यांत ज्वारीला जाळी लागली, सोंडे झाले. सात पोती. ज्या बाईची त्यात तीन होती, ती विधवा आहे. गटानं तिला भरपाई दिली, पण त्या दिवशी ती ज्वारी चाळत बसली होती ते मला आजही दिसतं. आता पोती लाकडी फळ्यांच्या माच्यावर असतात आणि भिंतीपासून दोन फूट लांब, मध्ये माणूस फिरेल इतकी जागा. दुसरी चूक होती पुरती न वाळलेली तूर घेण्याची. माणूस म्हणतो वाळलीय, आपण मानतो. आता दारातच काचेच्या बरणीत दाणे आणि चांगलं वाळलेलं मीठ घालून हलवतो आणि थोडा वेळ ठेवतो. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर, म्हणजे माल परत खळ्यावर. मीठ मोकळं राहिलं तर मग ओलावा मापक लावायचा. ज्वारी बाराच्या आत, तूर दहाच्या आत. बी आणि घरी खायची तूर हवाबंद तीन थरांच्या पिशव्यांत ठेवतो. आत हवा संपते आणि भुंगा गुदमरून मरतो, औषधाची गोळी लागत नाही. फक्त पिशवीला तुरीच्या काडीचं भोक पडता कामा नये, म्हणून भरायच्या आधी चाळणी दोनदा.

खोली बांधली तरी पहिल्या वर्षी ती अर्धी रिकामी राहिली. यावर मी फार विचार केला. लोकांना साठवायचं नव्हतं असं नाही. काढणी झाली की त्याच आठवड्यात सोसायटीचं देणं, दुकानदाराची उधारी, मळणीवाल्याचे पैसे, लग्न. ज्याला उद्या पैसे पाहिजेत तो आज पोतं कसं ठेवील? बाजार समितीत शेतमाल तारण योजना आहे, मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याजानं, सहा महिने. पण चार पोत्यांसाठी टेम्पो करून तालुक्याला कोण जाणार? म्हणून गटानं बचतीतून स्वतःचीच उचल सुरू केली. खोलीत पोतं ठेवलं की त्या दिवशीच्या भावाच्या सत्तर टक्के रोख, महिना एक टक्का व्याज. खोली भरली ती तेव्हापासून. 2024 मध्ये सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि आडतीत चार हजारांच्या आसपास विकावं लागत होतं. त्या वर्षी उचल मागायला रांग लागली. सगळ्यांना देता आली नाही, बचतच तेवढी नव्हती. ती अडचण अजून आहे.

चुनीवरून भांडण झालं. मिलमधून निघणारी चुनी, म्हणजे डाळीचा बारीक चुरा, आणि कोंडा कुणाचा? हिशेब ठेवणारी म्हणत होती की चुनी विकून विजेचं बिल भागेल. बाकीच्या म्हणाल्या, आमच्या तुरीची चुनी आमच्या म्हशीला. दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी चुनी ज्याची तूर त्याची आणि भरडाई किलोला एक रुपयानं जास्त, असं ठरलं. मला तो निर्णय आवडला. चुनी बाहेर गेली की पेंड विकत आणावी लागते, आणि मग म्हशीच्या दुधाचा पैसाही बाहेरच जातो.

2023 च्या ऑगस्टमध्ये पाऊस महिनाभर दडी मारून बसला. मूग-उडीद करपून गेले, तूर मुळं खोल असल्यामुळे तगली. अकरा घरांच्या डाळीची त्या वर्षी चिंता पडली नाही. खरी परीक्षा मात्र पाण्यानं घेतली.

सप्टेंबर 2025 चा दुसरा पंधरवडा. मराठवाड्यात त्या दिवसांत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. नद्या रानात शिरल्या, माती खरवडून गेली, सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच मोड आले, तूर पाण्यात उभी राहून वाळली. आमच्या गावाचा रस्ता तीन दिवस बंद होता, वीज पाच दिवस. मिल तर बंदच. खोलीचं जोतं तीन फूट उंच घेतलं होतं. ते घेताना "उगं पैसा घालायलाव" म्हणून मी बोलणी खाल्ली होती. पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि थांबलं. रात्री दोनला आम्ही चौघी कंदील घेऊन पायरीवर बसलो होतो. कुणी काही बोललं नाही.

आत सहा क्विंटल डाळ होती आणि चौदा क्विंटल ज्वारी. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. सदस्य असो नसो, घरटी दोन पायल्या ज्वारी आणि दोन किलो डाळ. ज्यांना रान आहे त्यांचं वहीत लिहिलं, ज्यांना नाही त्यांचं लिहिलं नाही. पिठाची गिरणीही बंद होती, तेव्हा जाती निघाली. या वेळी चार घरांतून.

पाणी ओसरल्यावर पेरणीचा प्रश्न होता. रानाला वापसा यायला ऑक्टोबर संपला. सगळीकडे रब्बीच्या बियाणाची ओढाताण चालू होती. आमच्या गाडग्यांत आणि पिशव्यांत सव्वा क्विंटल ज्वारीचं बी होतं. एकरी चार किलो धरलं तर तीस एकरांचं. पूर्ण गावाला ते पुरलं नाही. ज्यांचं रान जास्त खरवडलं त्यांना आधी द्यायचं असं ठरवलं, आणि त्यात माझं घर नव्हतं. मालकांनी दोन दिवस तोंड फिरवलं. मग स्वतःच चाड्यावर मूठ धरायला शेजाऱ्याच्या रानात गेले.

डिसेंबरात वेळअमावस्या आली, रानात जाऊन पूजा करायचा आमच्याकडचा सण. कडब्याची कोप केली, पाच पांडव मांडले, आंबिलाचं मडकं शिंपडत पोरं "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत रानभर फिरली. भज्जीला, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीला, जेवढं निरनिराळं घालावं तेवढी ती लागते. आत्याबाईंनी पातेल्यात एकेक टाकताना मोठ्यानं मोजलं. बेसन आपल्या खोलीतल्या हरभऱ्याचं. मेथी, हरभऱ्याची भाजी, शेंगदाणे आपले. तुरीचे ओले दाणे उंचावरच्या एका रानातून आले. आंबिलाचं पीठ मालदांडीचं. गाजर, वाटाणा आणि वालाच्या शेंगा बाजारातून.

"वाल पूर्वी बांधावर असायचा," त्या म्हणाल्या. त्याचं बी गावात कुणाकडेच उरलेलं नाही. शेजारच्या गावात एका म्हातारीच्या परसात वेल आहे असं कळलंय. शेंगा वाळल्या की मूठभर देईन म्हणाली आहे. खोलीतल्या फळीवर एक गाडगं धुऊन, राख घालून, रिकामं ठेवलंय. त्यावर पोरीनं खडूनं लिहिलंय, वाल.